टाके विरघळले, मग ही गाठ कसली?

मुलाच्या लघवीच्या जागेचे ऑपरेशन होते, मूल घरी येते, टाके आपोआप विरघळतात, जखम सुकते आणि पोरगा पुन्हा अंगणात उड्या मारू लागतो. घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग सहा महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, आंघोळ घालताना आईच्या बोटाला वणाच्या कडेला काहीतरी लागते. मुगाच्या दाण्याएवढी गाठ. दुखत नाही, लाल नाही, दाबली तर किंचित सरकते, वरून पांढुरकी किंवा पिवळसर दिसते. पुढच्या हंगामापर्यंत ती हरभऱ्याएवढी होते आणि घरात कुजबुज सुरू होते. ऑपरेशन बिघडले का? आत काही राहून गेले का? कॅन्सर तर नव्हे?

या पानावर आम्ही सहसा बियाणे, खते, गुरांचे आजार, बाळंतिणीचा आहार असे विषय घेतो. लघवीच्या जागेबद्दल चारचौघांत बोलायची आपल्याकडे रीत नाही. शेजारणीला विचारायची लाज, सासऱ्यासमोर बोलायची चोरी, आणि मुलाचा बाप शेतावर. म्हणून गाठ महिनोन् महिने तशीच राहते, नाहीतर ती भलत्याच माणसाच्या हाती पडते. यातले दुसरे जास्त वाईट. का ते पुढे येईलच.

भीती आधी घालवू. ऑपरेशनच्या वणावर किंवा वणाशेजारी सावकाश वाढणारी, न दुखणारी अशी गोल गाठ बहुतेक वेळा त्वचेचीच एक बंद पिशवी असते. डॉक्टर तिला ‘एपिडर्मल इन्क्लुजन सिस्ट’ म्हणतात. मराठीत अशा गाठीला आवाळू हा जुना शब्द आहे. पाठीवर किंवा डोक्यावर आवाळू असलेला एखादा आजोबा प्रत्येक गावात सापडेल, तीच ही जात. ती कॅन्सर नव्हे. अशा गाठीत कॅन्सर होणे फारच विरळ. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, वांगे किंवा मसूर खाल्ल्याने होत नाही आणि कुणाची नजर लागल्यानेही होत नाही. मात्र ती आपोआप जातही नाही.

कातडे आत पुरले गेले म्हणजे

आपल्या कातड्याचा वरचा पापुद्रा रोज नवा तयार होत असतो. खालून ताज्या पेशी वर येतात, वरच्या सुकून गळतात. आंघोळीला अंग चोळल्यावर जो मळ निघतो, त्यात धुळीबरोबर हे सुकलेले कातडेही असते. हे काम जन्मभर चालते.

आता या वरच्या पापुद्र्याचा एखादा कण काही कारणाने कातड्याच्या आत, मांसाजवळ पुरला गेला, तर काय होईल? तो कुजून नाहीसा होईल असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. उसाची कांडी मातीआड केली म्हणजे मरत नाही, डोळा फुटून वाढते. तसाच हा कण आत जगतो. त्याचे रोजचे काम तो सोडत नाही, नव्या पेशी करतो आणि जुन्या गाळतो. पण गाळलेल्या पेशींना बाहेर पडायला वाट नसते. कणाच्या कडा वाढत वाढत वळतात, एकमेकींना मिळतात आणि एक बंद पिशवी तयार होते. आतला मळ वर्षानुवर्षे साठतो. म्हणून अशी गाठ कापली की आत दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा, घाणेरड्या वासाचा पदार्थ निघतो. लोक त्याला पू समजतात, चरबी समजतात. पुष्कळ डॉक्टरही सवयीने तिला ‘सेबेशियस सिस्ट’ म्हणजे तेलग्रंथीची गाठ म्हणत आले आहेत. प्रत्यक्षात तिच्यात तेल नसते. असते ते गळलेले कातडे.

शेतकऱ्याला हा प्रकार अगदीच नवा नाही. बाभळीचा काटा तळहातात खोल गेला, काटा निघाला, जखम भरली, आणि काही महिन्यांनी तिथेच वाटाण्यासारखी गाठ आली, असे होते. काट्याच्या टोकाबरोबर कातड्याचा कण आत ढकलला गेलेला असतो. शिंप्यांच्या बोटांना सुई टोचून, माळीकाम करणाऱ्यांच्या हाताला काटे टोचून अशा गाठी होतात, हे शस्त्रक्रियेच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतही नोंदलेले आहे. मुलींचे कान टोचल्यावर पाळीत अशीच गोळी येऊ शकते. सुई, काटा, सुरी कोणतीही असो, कातड्याला भोक पडले की एखादा कण आत जाण्याची शक्यता आली.

लघवीच्या जागीच का?

मुलांच्या या भागावर मुख्यतः दोन ऑपरेशने होतात आणि दोन्हींत पातळ, सैल, सहज दुमडणाऱ्या कातड्यावर काम करावे लागते.

पहिले म्हणजे पुढची कातडी काढणे, सुंता. हा शब्द आपण बायबलमधून ऐकलेला आहे. पण दवाखान्यात ती धर्मासाठी नव्हे, तर कातडी फार घट्ट असणे, वारंवार सूज येणे अशा कारणांनी केली जाते. कातडीच्या दोन कडा टाक्यांनी जोडताना एखादी कड आत वळली, किंवा सुईच्या वाटेने कण आत गेला, की गाठीचे बी पडले.

दुसरे ऑपरेशन हायपोस्पेडियासचे. यात मुलाच्या लघवीचे भोक टोकाला नसून खालच्या बाजूला, कधी मध्यावर, कधी पार अंडकोशापाशी असते. दर २०० ते ३०० मुलग्यांमागे साधारण एकाला हा जन्मदोष असतो, म्हणजे मोठ्या गावात असे दोन-चार जण सहज निघतील. दोष सौम्य असेल तर घरच्यांना वर्षे-वर्षे कळतही नाही. मूल लघवी करताना धार पायावर पडते, उभ्याने करता येत नाही, किंवा इंद्रिय खाली वाकलेले दिसते, तेव्हा ध्यानात येते. अशा मुलाची सुंता कधीही करू नये. का, तर पुढचे ऑपरेशन करताना त्याच कातडीचा उपयोग होतो. ती काढून टाकली म्हणजे सुतार येण्याआधीच लाकूड जाळल्यासारखे झाले. हे ऑपरेशन मूल सहा ते अठरा महिन्यांचे असताना करणे चांगले असे आता मानतात, पण मोठ्या मुलांचेही करता येते.

या ऑपरेशनात लघवीची नळी नव्याने बनवायची असते. गंमत अशी की, जो गुण नको तिथे गाठ करतो, तोच गुण सर्जनांनी नळी बनवण्यासाठी कामाला लावला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातले सर्जन डेनिस ब्राउन यांनी १९४९ मध्ये आपली पद्धत मांडली. त्यांनी पूर्ण नळी शिवलीच नाही. खालच्या बाजूच्या कातड्याची नुसती एक पट्टी जागेवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही बाजूंचे कातडे ओढून शिवून टाकले. पुरलेल्या पट्टीच्या कडा आपोआप वाढून वळतील आणि नळी तयार होईल, हा त्यांचा हिशेब होता, आणि पुष्कळदा तो बरोबर निघाला. पुरलेले कातडे मरत नाही, वळून बंद होते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वॉरन स्नॉडग्रास यांनी त्या पट्टीला मधोमध उभी चीर देऊन ती रुंद करायची आणि मग तिची नळी शिवायची, अशी रीत सांगितली. चिरेच्या जागी नवे अस्तर आपोआप चढते. आज जगभर ही पद्धत फार चालते.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे आणि तो भोपाळपासून फार लांबचा नाही. भोपाळहून दिल्लीला जाताना वाटेत आग्रा लागते. तेथील सर्जन हरिसिंह असोपा यांनी सहकाऱ्यांसह १९७१ मध्ये पुढच्या कातडीच्या आतल्या अस्तराची नळी करून ती रक्तपुरवठ्यासह खाली आणण्याची, एकाच टप्प्यातली पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी अशा मुलांना दोन-दोन, तीन-तीन वेळा टेबलावर घ्यावे लागे. एकदाच दवाखाना, एकदाच खर्च, हे गरीब घरासाठी किती मोठे आहे ते आम्ही सांगायला नको. असोपांचे नाव आजही या विषयाच्या पुस्तकांत आहे, पण आपल्या शाळांच्या पुस्तकांत ते कुठे दिसत नाही, ही खेदाची गोष्ट.

तर नवी नळी शिवल्यावर तिच्यातून लघवी पाझरू नये म्हणून सर्जन तिच्यावर आणखी एक थर पांघरतात. हा थर बहुधा कातड्याखालच्या मऊ पडद्याचा असतो आणि तो वरच्या कातड्यापासून सोडवून घ्यावा लागतो. सोडवताना वरच्या पापुद्र्याचा लहानसा तुकडा त्याला चिकटून राहिला, तर तोही आत पुरला जातो. डोळ्यांना न दिसणारे हे कण असतात. निष्णात हातांकडूनही असे होऊ शकते, आणि म्हणूनच गाठ आली की लगेच डॉक्टरला दोष देत भांडायला जाऊ नये. फार थोड्या मुलांना ही गाठ येते. बाकीच्यांचे ऑपरेशन त्या बाबतीत निर्धोक पार पडते.

प्रत्येक गाठ ही गाठ नव्हे

ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन आठवडे तो भाग सुजलेला, निळसर, ओबडधोबड दिसतो. टोकावर पिवळसर साय धरते, तिला घाबरून पू समजू नये. ताप नाही, दुर्गंधी नाही, सूज वाढत नाही, तर ती भरत्या जखमेची खूण असते. टाक्याची गाठ आत राहून तिथे बारीक दाणा लागतो, तो बहुधा काही आठवड्यांत विरतो.

ज्या मुलाचे ऑपरेशनच झालेले नाही, त्याच्या पुढच्या कातडीखाली पांढऱ्या मोत्यांसारखे दाणे दिसतात, त्यांचे काय? तो साठलेला मळ असतो. कातडी आणि टोक लहानपणी एकमेकांना चिकटलेले असतात, ते हळूहळू सुटतात, तेव्हा हा मळ आपोआप बाहेर पडतो. त्याला हात लावायचा नाही. कातडी जबरदस्तीने मागे ओढायची नाही. पुष्कळ आज्या नातवाला तेल लावून रोज मागे ओढतात. त्याने चिरा पडतात, चिरांचे वण होतात आणि खरोखरच घट्टपणा येतो. लहान मुलाची कातडी मागे न सरकणे हे निसर्गाचेच आहे. बहुतेकांची वयात येईपर्यंत आपसूक मोकळी होते. जिथे खरोखर त्रास असतो, तिथेही आता बऱ्याच मुलांना डॉक्टर आधी काही आठवडे स्टिरॉइडचे मलम लावायला देतात आणि पुष्कळांचे ऑपरेशन टळते. सुश्रुताच्या ग्रंथात या विकाराला निरुद्धप्रकश म्हटले आहे आणि तूप लावलेली नळी घालून, दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरून मार्ग हळूहळू मोठा करण्याची रीत दिली आहे. म्हणजे घाईने सुरी चालवू नये हे शहाणपण आपल्याकडे जुनेच आहे. जे ऑपरेशन झाले नाही, त्याची गाठही येत नाही.

हायपोस्पेडियासचे ऑपरेशन झालेल्या मुलात मात्र एक फुगवटा वेगळा ओळखायला हवा. लघवी करताना खालची बाजू फुग्यासारखी फुगते, लघवी झाल्यावर तो भाग दाबला की थेंब थेंब बाहेर येते. ही त्वचेची गाठ नव्हे. नवी नळीच एका जागी सैल पडून तिची पिशवी झालेली असते. आवाळूसारखी गाठ लघवीच्या वेळी लहानमोठी होत नाही. तेव्हा आईवडिलांनी एकदा मूल लघवी करत असताना नीट पाहावे. धार एक आहे की दोन, खालून कुठून पाझरते का, फुगते का. शहरातल्या डॉक्टरला तपासणीच्या पाच मिनिटांत हे दिसेलच असे नाही, कारण नेमकी त्या वेळी पोराला लघवी होत नाही. तुमचे पाहणे तिथे उपयोगी पडते. आणि गाठ जांघेत असेल, रडताना-खोकताना मोठी होत असेल, तर तो अंतर्गळ असू शकतो, त्याचा या विषयाशी संबंध नाही. पण तोही दाखवायलाच हवा.

हात कुणाचा लागतो यावर सगळे आहे

आता ते भलत्या माणसाच्या हातचे सांगतो. आवाळू स्वतः निरुपद्रवी. पण ते बसले आहे कुठे? हायपोस्पेडियासच्या मुलात त्या गाठीखाली कातड्याचीच नव्याने शिवलेली लघवीची नळी आहे, आणि दोहोंमधले अंतर काही मिलिमीटरांचे. घरी सुईने फोडले, गावातल्या इंजेक्शनवाल्याने ‘फोडच आहे, चीर देतो’ म्हणून ब्लेड लावले, तर पहिल्यांदा पांढरा पदार्थ निघतो आणि सगळ्यांना बरे वाटते. मग जखम चिघळते, नळीला भोक पडते आणि लघवी तिथून गळू लागते. एका निरुपद्रवी गाठीपायी मुलाला पुन्हा मोठ्या ऑपरेशनला सामोरे जावे लागते, आणि तेही आता वण पडलेल्या, कमी उरलेल्या कातड्यावर.

नुसते पिळणेही तितकेच वाईट. पिशवी आतल्या आत फुटते, साठलेला मळ मांसात पसरतो आणि शरीर त्याला परका समजून पेटून उठते. गाठ लाल, गरम, ठणकणारी होते. जंतू शिरले तर पू होतो. हळद, चुना, तंबाखू, बिब्बा, शेण यांतले काहीही तिथे लावू नये. बिब्ब्याने कातडे भाजते हे आपल्यातल्या अनेकांनी भोगलेले आहे. डाग देण्याचा तर विचारही नको. मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात लहान मुलांना तापल्या सळईने डागण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. मेळघाटातही ती आहे. डागाने आजार जात नाही, जखम मात्र वाढते.

कुठे न्यावे? लहान मुलांच्या सर्जनकडे किंवा लघवीच्या विकारांच्या सर्जनकडे, आणि शक्य असेल तर ज्याने पहिले ऑपरेशन केले त्याच्याचकडे. त्याला आत काय कुठे शिवले आहे ते ठाऊक असते. भोपाळमध्ये हमीदिया रुग्णालय हे सरकारी. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेडिकल कॉलेजशी ते जोडलेले आहे. साकेतनगरातले एम्स २०१२ मध्ये सुरू झाले. दोन्हीकडे मुलांच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे. मुलताई, पांढुर्णा भागातल्या आपल्या मंडळींना नागपूरही सोयीचे पडते. खर्चासाठी आयुष्मान कार्ड असेल तर बरोबर न्यावे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या इलाजाचे संरक्षण आहे. भरती होण्याआधीच आयुष्मानच्या खिडकीवर हे ऑपरेशन त्यात बसते का ते विचारून घ्यावे. नंतर विचारण्यात अर्थ नसतो.

गाठ लहान असेल, दुखत नसेल, तर डॉक्टर काही काळ नुसती पाहात राहायला सांगतील. आधीच्या ऑपरेशनला सहा महिने झालेले नसतील तर बहुधा थांबायलाच सांगतात, कारण आतले मांस मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. पेरणी-कापणी सोडून लगोलग धावत सुटण्याचे हे दुखणे नव्हे. हंगाम आटोपून गेले तरी चालते. फक्त लाल होणे, ठणकणे, ताप, पू, किंवा लघवी अडणे, यांतले काही झाले तर हंगाम पाहू नये, त्याच दिवशी निघावे. ओटीपोट फुगले आहे आणि मुलाला तासन्‌ तास लघवीच झालेली नाही, तर रात्र असली तरी निघावे.

काढायचे ठरले तर उपाय एकच आहे: पिशवी तिच्या भिंतीसकट पूर्ण काढणे. नुसती फोडून आतले काढून टाकले तर ती पुन्हा भरते. हरळीचे वरचे पाते कापून रान स्वच्छ झाले असे कोणी म्हणत नाही. जमिनीतल्या काशा वेचल्याशिवाय ती जात नाही, एवढीशी काशी राहिली तरी पहिल्या पावसात वर येते. इथेही भिंतीचा तुकडा राहिला तर गाठ परत येते. गाठीत पू झाला असेल तर आधी पू काढून औषधे देतात आणि सर्व शांत झाल्यावर मग पिशवी काढतात. दोनदा बोलावले म्हणून डॉक्टर पैशासाठी फेऱ्या मारायला लावतात असे समजू नये. सुजलेल्या मांसात भिंत नीट दिसत नाही.

हे लहान ऑपरेशन आहे. लहान मुलाला भूल देऊन करतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी घरी सोडतात. भूल द्यायची म्हणजे पोट रिकामे हवे. अन्न आणि गाईचे किंवा डब्याचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, साधे पाणी दोन तास आधी. इथे आपल्या आया-आज्यांची माया आड येते. पोर उपाशी रडते म्हणून कोपऱ्यात नेऊन हळूच बिस्किट भरवतात. मग ऑपरेशन पुढे ढकलले जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणी सांगितलेच नाही, तर भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. बिस्किट खाल्ले असेल तर सरळ सांगावे. रागावतील, पण मूल वाचेल.

काढलेली गाठ बाटलीत घालून तपासायला पाठवतात, आणि ती पाठवाच असे आपणही म्हणावे. अहवाल येतो तो जपून ठेवावा. घरी आल्यावर सैल कपडे, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून साध्या पाण्याची आंघोळ, दोन-तीन आठवडे सायकल, बैलगाडीच्या धुरेवर बसणे आणि झाडावर चढणे बंद.

या निमित्ताने शेतावरची एक गोष्ट. हायपोस्पेडियास का होतो याची अनेक कारणे आहेत. काही घराण्यांत तो बापाला, भावाला असतो. कीटकनाशकांशी त्याचा संबंध आहे का, हेही जगभर तपासले गेले. अनेक अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यात गरोदरपणी कामावर कीटकनाशकांच्या सहवासात आलेल्या मातांच्या मुलग्यांत हा दोष थोडा अधिक दिसला. यावरून अमुक मुलाचा दोष अमुक फवारणीने झाला असे म्हणता येत नाही, आणि कोणत्याही आईने स्वतःला बोल लावून घेऊ नये. पण सोयाबीनवर, हरभऱ्यावर फवारणी चालू असताना पोटुशी सून शिवारात नको, फवारणीचे कपडे तिने धुवायला नकोत, आणि औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी घरात नको, एवढे तर आजच करता येते.

मुलगा मोठा होतो तेव्हा अडचण बदलते. दहा-बारा वर्षांचा झाला की तो आईसमोर कपडे काढत नाही, आणि बापाला असे काही सांगायचे असते हे त्याला माहीत नसते. लहानपणच्या ऑपरेशनची गाठ या वयातही वर येऊ शकते, कारण पिशवी वर्षानुवर्षे सावकाश भरते. पुष्कळ मुलांना तर आपले ऑपरेशन झाले होते हेही कोणी सांगितलेले नसते; नदीवर पोहताना मित्र हसले तेव्हा त्यांना वेगळेपण कळते. बापाने त्याला शेतावर बरोबर नेऊन, मोटारपंपापाशी दोघेच असताना, सरळ शब्दांत सांगावे: तू लहान असताना तुझ्या लघवीच्या वाटेचे ऑपरेशन केले होते, अमुक साली, अमुक दवाखान्यात. तिथे गाठ लागली, धार फाटली, इंद्रिय ताठताना दुखले, तर मला सांग, आपण जाऊ. आणि दवाखान्यातून सुटताना मिळालेले ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे. पुढे सर्जन पहिल्यांदा तेच मागतो.